डागवाल्या मावशीची ओळ

मावशीच्या रागाची एक गंमत होती. दुसऱ्या बायका रागावल्या की भांडी आपटतात, दारं आदळतात, नवऱ्याच्या सात पिढ्यांपर्यंत जाऊन येतात. मावशी रागावली की हळू बोलायची. जितका राग मोठा, तितका आवाज बारीक. वस्तीत नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, बाई किती सौम्य आहे. जुनी माणसं नेमकी त्याच वेळी तिथून काढता पाय घ्यायची.

धंदा तिचा भांड्यांना डाग द्यायचा. गळका हंडा आणायचा, मावशीने त्याचं बूड घासायचं, शेगडीवर सळई तापवायची आणि भोक असं बुजवायचं की पुढे हंडा झिजून जाईल पण डाग हलणार नाही. हे काम आधी नवरा करायचा. तो गेला, आणि त्याची शेगडी, भाता आणि अर्धवट राहिलेली भांडी मावशीकडे आली. मग तांब्या-पितळेचे दिवस सरले, घरोघर प्लास्टिकची पिंपं आली. लोक म्हणाले, "मावशी, तुमचं दुकान बसलं आता." मावशी म्हणाली, "प्लास्टिक काय अमर असतं? फुटेल की." आणि फुटलंच. मग ती फुटक्या बादल्यांच्या पट्ट्या कापायची, जुनं पातं निखाऱ्यावर लाल करायची आणि लाल पिंपाला निळं ठिगळ, पांढऱ्या डब्याला हिरवं ठिगळ लावत बसायची. त्या धुराने डोळ्यांतून धार लागायची. "नळाला नसलं तरी माझ्या डोळ्यांना पाणी आहे," असं ती म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला हसावं की नको ते कळायचं नाही.

तर सांगायचं काय, सगळ्या वस्तीची भांडी तिने कधी ना कधी उलटी करून पाहिली होती. आपण माणूस तोंडावरून ओळखतो, मावशी भांडं बुडावरून ओळखायची. आणि म्हणूनच वस्तीच्या नळावरची ओळ तिच्या ताब्यात आली.

वस्तीला नळकोंडाळं एकच. सिमेंटचा बुटका ओटा, त्यावर एक खांब, खांबाला चार तोट्या. त्यातल्या दोन कधीच्याच मुक्या झालेल्या. पाणी सकाळी यायचं, पण सकाळ म्हणजे नक्की कधी हे त्या पाण्यालाच ठाऊक. माणसं किती वेळ उभी राहणार? कुणाला कामावर जायचं, कुणाचं पोर पाळण्यात रडतंय. म्हणून वस्तीत पद्धत पडली होती की ओळीत माणसाने उभं राहायचं नाही, भांडं उभं करायचं. भांडं आहे म्हणजे माणूस आहे. त्या भांड्याला हात लावायचा नाही. जो दुसऱ्याचं भांडं हलवेल, त्याने आपलं भांडं उचलून ओळीच्या शेवटी न्यायचं. मग तो कुणी का असेना.

हा नियम मावशीने केला नव्हता, पण पाळायला लावला तो तिनेच. एकदा एका बाईने रंग सारखा बघून शेजारणीचा डबा मागे सारला आणि तिथे आपला ठेवला. मावशीने पुढचा डबा उलटा केला, बुडाचं हिरवं ठिगळ बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "हा तुझा. हा शेवटी ने. जा." बाई गेली. आणि मावशीच्या मुलाची गोष्ट तर वस्तीत अजून सांगतात. मुलगा रंगारी, आणि त्या दिवशी त्याचं लग्न. दाढी करता करता पाणी संपलं म्हणून तो अर्ध्या तोंडाला फेस घेऊन नळावर आला आणि घाईत पुढची बादली पायाने सरकवली. मावशीने नवरदेवाला सगळ्यात मागे धाडलं. नवरीकडची माणसं आली तेव्हा नवरदेव ओळीत उभा, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर वाळलेला साबण. सून ही गोष्ट सांगताना म्हणायची, "मी तेव्हाच ओळखलं, या घरात नवऱ्याला भिऊन उपयोग नाही. भ्यायचं तर सासूला."

आता त्या टेकडीचं सांगायला हवं. वस्तीच्या मागे टेकडी होती, उघडी बोडकी, शेळ्या चरायच्या. मग तिथे एक इमारत उभी राहिली. मग दुसरी. मग इतक्या, की दुपारी वस्तीवर सावली पडू लागली. सावलीचं कुणाला वाईट वाटलं नाही. पण जशा इमारती चढल्या तशी नळाची धार उतरली. मनगटाएवढी होती ती अंगठ्याएवढी झाली, अंगठ्याची करंगळी झाली आणि करंगळीची सुतळी. मुलगा त्याच इमारतींत रंग द्यायला जायचा. एक दिवस घरी येऊन म्हणाला, "आई, वर पोहायचा हौद बांधलाय. आत निळा रंग मीच दिला. आज भरायला घेतला."

"कशाने?" मावशीने विचारलं.

"पाण्याने. आणखी कशाने भरतात?"

मावशीने पातं निखाऱ्यातून काढून उगाच पुन्हा निखाऱ्यात खुपसलं.

अशात पाणीखात्याची नवी योजना आली. घरोघर नळ. रस्ते खणले, पाइप आले, आणि एक दिवस मावशीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून चकचकीत तोटी बाहेर आली. सुनेला आनंद कुठे ठेवू कुठे नको असं झालं. तिची कंबर पाणी वाहून वाहून गेली होती, खाली वाकली की वर येताना भिंत धरायची. ती रोज ती कोरडी तोटी फडक्याने पुसायची. पण योजनेत असंही होतं की घरोघर नळ आले की जुनं नळकोंडाळं तोडायचं. मावशीचं म्हणणं एवढंच, की आधी घरच्या नळाला पाणी येऊ द्या, चार दिवस नीट वाहू द्या, मग खुशाल तोडा.

हे सांगायला ती पाण्याच्या ऑफिसात गेली. ऑफिस लांब नव्हतं, वस्तीची गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथेच. शिपाई वस्तीतलाच. तो म्हणाला, "मावशी, साहेब बैठकीत आहेत. उद्या या." उद्या गेली. साहेब टेकडीवर पाहणीला गेले होते. उद्या या. पुन्हा गेली. साहेब होते, चहा पीत होते, त्यांनी अर्धं ऐकलं आणि म्हणाले, "बाई, आत्ता घाई आहे. असं करा, उद्या या." ती इतक्या वेळा गेली की ऑफिसच्या दारातलं कुत्रं तिला बघून शेपूट हलवायला लागलं.

घरी सून चिडली. "आई, एक विचारू? तुम्हाला पाण्याची काळजी आहे की ओळीची?"

"म्हणजे?"

"घरात नळ आला की ओळ संपली. मग 'मावशी, माझं भांडं बघा', 'मावशी, हिने पुढे सरकवलं', असं विचारायला कोण येणार? तुमचं राज्य जाईल, म्हणून तुम्हाला तो खांब हवाय."

हे लागलं. लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं, आणि खऱ्याइतकं दुसरं काही लागत नाही. मावशी फक्त म्हणाली, "तुझी कंबर मला दिसते, सूनबाई," आणि ते इतक्या बारीक आवाजात म्हणाली की मुलगा ताट घेऊन बाहेर जाऊन बसला.

उद्घाटनाचा दिवस आला. मांडव, खुर्च्या, कर्णा. कुणीतरी मोठे पाहुणे आले, गल्लीतल्या पहिल्या घरात शिरले, त्यांनी तोटी फिरवली आणि पाणी आलं. चांगलं धो धो आलं. घरोघर तोट्या फिरल्या, घरोघर पाणी. सुनेने ओंजळ धरली, तोंडावर मारली, आणि सासूकडे असं बघितलं की त्यात सगळं बोलून झालं. मावशीही हसली. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी तिलाही वाटलं, चुकले मी.

टाळ्या वाजत होत्या तेवढ्यात गल्लीच्या दुसऱ्या टोकाला खात्याच्या माणसांनी नळकोंडाळ्याचा पाइप कापला, खांब आडवा केला आणि गाडीत घातला. पाहुणे गेले. खुर्च्या गेल्या. आणि शेजारचा कुलूपवाला, ज्याला गप्प बसणं कधीच जमलं नाही, तो धावत आला. "मावशी, मांडवाच्या मागे टँकर उभा होता. त्याची नळी आपल्या नव्या पाइपात. आता टँकर चाललाय, नळी ठिबकतेय रस्त्याभर."

मावशी घरात गेली आणि तोटी फिरवली. तोटी खोकली. म्हातारा माणूस पहाटे खोकतो तशी खोकली, एक थुंकी टाकली, आणि गप्प झाली.

सुनेने ती उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मग पुसायचं फडकं त्याच तोटीवर वाळत घातलं.

ऑफिसातून निरोप आला, चाचणी चालू आहे, तोवर टँकर येईल. टँकर आला. पण टँकरला ओळ लावायची कशी? नळ एका जागी असतो. टँकर आज इथे थांबला, उद्या तिथे. तो थांबेल तिकडे सगळी वस्ती पळायची. ज्याचे पाय लांब त्याला पाणी. लोक वर चढून झाकणातून नळ्या सोडायचे, शिव्या, कोपरं, फुटलेले डबे. मावशीकडे फुटक्या पिंपांचा ढीग लागला. धंदा असा कधी चालला नव्हता, आणि प्रत्येक ठिगळागणिक तिचा आवाज आणखी बारीक होत होता. शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. ज्या ओळीने इतकी वर्षं माणसांना माणसांत ठेवलं होतं, ती एका आठवड्यात मोडली.

एका सकाळी त्या रेटारेटीत सून टँकरच्या चाकाशी अडकली. मागून पिंपांचा लोंढा, पुढे चाक, आणि वाकलेली तिला वर येता येईना. मावशीने तिला बघितलं. मध्ये एक पांढरं पिंप होतं. तिने ते दोन्ही हातांनी उचललं, बाजूला फेकलं आणि सुनेला दंडाला धरून ओढून काढलं.

मग तिची नजर फेकलेल्या पिंपाकडे गेली. ते उलटं पडलं होतं. बुडाला निळं ठिगळ. कुलूपवाल्याच्या म्हाताऱ्या आईचं.

कुलूपवाला तिथेच उभा होता. म्हणाला, "मावशी, मी काही बघितलं नाही हं."

"बघितलंस," मावशी म्हणाली. तो आवाज ऐकून कुलूपवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा पुढचा विनोद गिळला.

त्या संध्याकाळी ती दारोदार गेली. "उद्या टँकरकडे कुणी जायचं नाही. उद्या ओळ लावायची."

"कुठे लावणार? नळ आहे कुठे?"

"नळ आता साहेबांच्या टेबलावर आहे. ओळीचं तोंड तिथे."

सून भिंतीला टेकून ऐकत होती. ती उठली, आपला हंडा घेतला आणि म्हणाली, "आई, पहिलं भांडं माझं." मावशीने मान हलवली. एवढ्यावर त्या दोघींचं भांडण मिटलं.

सकाळी साहेब ऑफिसात पोचले तेव्हा काहीच नव्हतं. चहा पिऊन खिडकीतून बघतात तो फाटकाच्या मधोमध एक हंडा. त्याच्या मागे कळशी. तिच्या मागे लाल पिंप, निळ्या ठिगळाचं. डबे, घागरी, तेलाचे कॅन, लहान पोराचा आंघोळीचा टबसुद्धा. ओळ फाटकातून रस्त्यावर, रस्त्यावरून गल्लीत, गल्लीतून वळून दिसेनाशी झालेली. घोषणा नाहीत, झेंडे नाहीत. बरीच माणसं तर भांडी ठेवून कामाला निघून गेली होती. उरलेली भिंतींच्या कडेने बसली होती, मटार सोलत बसावीत तशी.

साहेबांना टेकडीवर बैठकीला जायचं होतं. गाडी फाटकात अडली. ते शिपायाला म्हणाले, "ती भांडी बाजूला कर."

शिपाई म्हणाला, "साहेब, दुसरं काहीही सांगा."

"का? पत्र्याचा हंडा आहे. चावतो का?"

"चावत नाही. पण मला संध्याकाळी घरी जायचंय. मी तिथेच राहतो."

साहेब वैतागले. स्वतः खाली उतरले, सुनेचा हंडा उचलला आणि फाटकाच्या कडेला ठेवला.

भिंतीकडेची माणसं उठून उभी राहिली. गल्लीच्या टोकाकडून मावशी चालत आली, तिच्या नेहमीच्या चालीने, घाई न करता. हंडा उचलून जागेवर ठेवला आणि म्हणाली, "साहेब, भांडं हलवलंत."

"मग?"

"मग शेवटी जायचं."

साहेब हसले. मग आजूबाजूला बघितलं तर हसणारे ते एकटेच. "बाई, मी पोलिसांना बोलावू शकतो."

"बोलवा. त्यांनी हलवलं तर तेही जातील. तुमच्या मागे."

कुलूपवाल्याने कुठूनसा एक हिरव्या ठिगळाचा डबा आणून साहेबांच्या हातात दिला. "घ्या साहेब. ओळीत माणूस उभा राहत नाही आमच्यात, भांडं लागतं. तुमच्याकडे नसणार."

साहेब का गेले ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. गाडी निघत नव्हती, शिपाई नजर चुकवत होता, आणि ती बाई ओरडत नव्हती. ओरडली असती तर त्यांना उत्तर सापडलं असतं. ते डबा घेऊन ओळीच्या कडेने चालू लागले. एकामागून एक भांडी. प्रत्येकाला ठिगळ, ठिगळावर ठिगळ. दारांतून आतली स्वयंपाकघरं दिसत होती आणि प्रत्येक भिंतीत खात्याची चकचकीत तोटी. एकीवर गाळणी अडकवलेली, एकीवर पिशवी, एकीवर फडकं.

ओळ संपली तिथे तुटका ओटा होता, आणि ओट्यातून कापलेल्या पाइपाचं बोटभर टोक वर आलेलं. त्याच्याजवळ शेवटचं भांडं, एक जुनी पितळी घागर.

"ही कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी," मावशी म्हणाली.

"तुम्ही तर या सगळ्यांच्या पुढारी. मग सगळ्यात शेवटी?"

"मी काल भांडं हलवलं."

"मी म्हटलं होतं, जाऊ द्या मावशी," कुलूपवाला म्हणाला. "ऐकतात होय."

साहेबांनी डबा घागरीमागे ठेवला आणि म्हणाले, "बाई, माझ्या हातात नाही हे. आधी वरच्या इमारतींच्या टाक्या भरायच्या, उरलं तर खाली सोडायचं, असं ठरलंय."

"ज्यांनी ठरवलं त्यांचं भांडं कुठे होतं ओळीत?"

साहेबांनी वर टेकडीकडे बघितलं.

"बरं, ते तुमच्या हातात नाही. हा खांब कुणी कापला?"

"ते योजनेतच होतं."

"घरी पाणी यायच्या आधी कापा, असं होतं योजनेत?"

"तसं नव्हतं. पण पाहुणे जायच्या आधी योजना पुरी झालेली दिसायला हवी होती."

मावशीचा आवाज आता इतका खाली गेला की साहेबांना वाकावं लागलं. "माझी सून चाकाखाली जात होती, साहेब. योजना पुरी दिसावी म्हणून. हा परत जोडायला काय लागतं?"

"हातभर पाइप आणि एक माणूस," साहेब म्हणाले, आणि हे शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांना ते स्वतःलाच ऐकवेनात.

"मग मला रोज 'उद्या या' असं का सांगत होतात?"

साहेबांनी फोन काढला. ज्या माणसाने पाइप कापला होता तोच पाना घेऊन आला. आला, मावशीकडे बघितलं, मान खाली घातली आणि कामाला लागला. खांब काही परत आला नाही, तो कुठल्या भंगारात गेला कोण जाणे. उघड्या पाइपालाच तोटी बसवली. खूप वेळ हवा आली, मग गढूळ, मग सुतळीएवढी स्वच्छ धार.

आणि तिथे एक पंचाईत झाली. पाणी आलं ओळीच्या शेपटाकडे, आणि ओळीचं तोंड तिकडे ऑफिसच्या फाटकात. कुलूपवाला म्हणाला, "सोपं आहे. ओळ फिरवू. शेवट तो पहिला. मावशी, लावा घागर."

घागर तोटीपासून हातभर अंतरावर होती. मावशीने सकाळपासून घोटभर पाणी प्यायलं नव्हतं.

"ओळ फिरत नाही," ती म्हणाली.

मग सून फाटकापासून हंडा घेऊन सगळी ओळ चालत आली, एक हात कमरेवर. हंडा भरला. तो उचलायच्या आधी तिने सासूकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, ओंजळभर तरी घ्या."

"पाळी तुझी आहे. ने घरी."

एकेक भांडं येत गेलं. साहेब आपल्या डब्याशेजारी उभे होते. बैठकीचे फोन वाजत होते, ते उचलत नव्हते. जाऊ शकले असते, गल्ली मोकळी होत चालली होती. पण डबा तिथे होता. ऊन चढलं, टेकडीवरच्या इमारतींची सावली सरकत ओट्यावर आली. कामावरून लोक परतले, आपापली भांडी जागेवर बघून पुढे घेऊन आले.

मावशीची पाळी आली तेव्हा धार सुतळीवरून दोऱ्यावर आली होती. घागर अर्धी भरली. मग तोटी खोकली.

साहेबांनी डबा पुढे केला होता. तो तसाच हातात राहिला. त्यांनी तोटी फिरवून बघितली, जशी सगळेच बघतात.

"वर टाक्यांना सोडलं असणार," मावशी म्हणाली. "तुमच्या ठरल्याप्रमाणे."

तिने अर्धी घागर कमरेवर घेतली आणि जाता जाता थांबली. कुलूपवाला नंतर म्हणायचा, तिचा इतका बारीक आवाज त्याने पुन्हा कधी ऐकला नाही.

"संपलं, साहेब. उद्या या. डबा इथेच राहू द्या, कुणी हलवणार नाही."